पुराचं पाणी, गोगलगाय आणि हरणाचं लिव्हर

डॅन्यूबला पूर येतो तेव्हा हरणं पोहतात. इथलं रेड डीअर म्हणजे आपल्या सांबरासारखं थोराड जनावर, आणि ते मान आणि शिंगं पाण्याच्या वर धरून नदीचा अख्खा पाट आरपार करतं, कधी पुरातून वाचायला, कधी माजाच्या दिवसांत मादीच्या मागे, कधी नुसतं पलीकडचं गवत बरं दिसतंय म्हणून. काही ठिकाणी ही नदी म्हणजेच दोन देशांची हद्द आहे, स्लोव्हाकिया आणि हंगेरीची, पुढे क्रोएशिया आणि सर्बियाची, आणि हरीण ती हद्द ओलांडून निवांत अंग झटकून झाडीत शिरतं. त्याच्या पोटात, लिव्हरमध्ये, एक मोठा चपटा किडा असू शकतो हे काठावरून बघणाऱ्याला दिसत नाही. मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

मी व्हिएन्नात राहते. शहराच्या पूर्वेला, इथून ब्रातिस्लाव्हापर्यंत, नदीच्या दोन्ही काठांना पुराचं जंगल आहे, डोनाउ-आउएन नॅशनल पार्क म्हणतात त्याला, आणि सुट्टी मिळाली की माझे पाय तिकडेच वळतात. या पट्ट्यात नदी जवळपास 36 किलोमीटर मोकळी वाहते, मध्ये एकही धरण नाही, आणि ऑस्ट्रियात डॅन्यूबवर किती जलविद्युत प्रकल्प आहेत हे बघितलं की या 36 किलोमीटरची किंमत कळते. पाण्याची पातळी इथे सात मीटरपर्यंत खालीवर होते. आल्प्समधला बर्फ वितळला की चढते, उन्हाळ्यात जोराचा पाऊस झाला की चढते, आणि 2013 च्या जूनमध्ये किंवा 2024 च्या सप्टेंबरमध्ये आला तसा पूर आला की मग झाडांचे बुंधेच दिसत नाहीत, नुसते शेंडे पाण्यातून वर आलेले.

पाणी उतरतं तेव्हा जंगल नवीन झालेलं असतं. विलो आणि पॉप्लरच्या खोडांवर माणसाच्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ, खाली मऊ गाळ, जागोजागी राहिलेली डबकी, फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, आणि चारपाच आठवड्यांत त्या गाळावर इतकं कोवळं हिरवं उगवतं की हरणं तिथून हलतच नाहीत. मला ही जागा मनापासून आवडते आणि म्हणूनच तिची ही दुसरी बाजू कळल्यावर मी तिच्यामागे लागले, मिळेल ते वाचत गेले, भेटेल त्याला विचारत गेले.

त्या किड्याचं नाव फॅसिओलॉइडिस मॅग्ना, जायंट लिव्हर फ्लूक. आपल्याकडे गुरामेंढरांत लिव्हर फ्लूक होतो त्याचाच हा नातेवाईक, पण आकाराने कितीतरी मोठा. मेंढीतला साधा फ्लूक साधारण तीन सेंटिमीटर भरतो, हा दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. चपटा, जाडसर, पानाच्या आकाराचा. ओळखीतल्या एका शिकाऱ्याने मला एकदा मारलेल्या हरणाचं लिव्हर दाखवलं होतं, इथे शिकार केली की जनावर फाडताना आतले अवयव तपासून बघायची पद्धत आहे, तर त्याने सुरीने एक गाठ उघडली आणि आतून काळपट करडं पाणी आलं आणि त्या पाण्यात दोन किडे एकमेकांना चिकटून पडलेले होते. बाकी लिव्हरवर काळ्या शाईने कोणीतरी वेड्यावाकड्या रेघा मारल्यासारखे डाग होते. किडा लिव्हरमधून फिरतो, रक्त खातो, आणि त्या रक्तातल्या लोहाचा हा काळा रंग मागे ठेवत जातो. मी बराच वेळ काही बोलले नाही. तो म्हणाला, हे हरीण चांगलं खातंपितं होतं, लांबून बघून काही कळलं नसतं.

तर हा किडा पाण्याशिवाय एक पाऊल पुढे जाऊ शकत नाही, आणि मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

हरणाच्या लिव्हरमधल्या गाठीत किडे अंडी घालतात, ती पित्तनळीतून आतड्यात आणि तिथून लेंड्यांसोबत बाहेर. कोरड्या जमिनीवर पडली तर संपलं, अंडं वाळून मरतं. पण लेंडी डबक्यात पडली, किंवा ओलसर चिखलात पडली, किंवा पुराने वाहून कुठल्या उथळ पाण्यात नेऊन टाकली, तर अंड्याच्या आत वाढ सुरू होते. त्याला ऊब लागते, कडाक्याच्या थंडीत अंडं नुसतं थांबून राहतं, वसंतात पाणी तापलं की काही आठवड्यांत झाकण उघडून डोळ्यांना न दिसणारी एक पोहणारी अळी बाहेर पडते. तिला तोंड नाही म्हटलं तरी चालेल, ती खात नाही, अंगात असलेल्या साठ्यावर साधारण एक दिवस जगते, आणि त्या एका दिवसात तिला एक विशिष्ट गोगलगाय सापडायला हवी. नाही सापडली तर तीही संपली.

ती गोगलगाय म्हणजे गाल्बा ट्रंकाट्युला. युरोपात या किड्याचं मुख्य बिऱ्हाड हीच. शंख जेमतेम एक सेंटिमीटर, तोही मोठी झाली तर, आणि रंग असा मातकट की चिखलात बघायची तर गुडघ्यावर बसून नाक जमिनीला लावावं लागतं. ही धड पाण्यातली नाही, धड जमिनीवरची नाही. तिला डबक्याची कड लागते, जिथे पाणी संपून चिखल सुरू होतो ती ओली किनार. जोरात वाहणारं पाणी तिला नको, खोल पाणी नको, दाट उंच गवत नको, नुकता उघडा पडलेला मऊ गाळ हवा ज्याच्यावर शेवाळ धरायला लागलंय. आणि डबकं आटलं तरी ही मरत नाही लगेच, चिखलात दडून राहते, पुन्हा ओल आली की चालू. म्हणजे पूर ओसरल्यावर नदी जी जागा मागे ठेवते नेमकी तीच जागा हिला हवी असते. जोराच्या पुरात हजारोंनी वाहून जातात, मरतात, पण ज्या लाकडांच्या ओंडक्यांवर, गवताच्या पेंढ्यांवर चिकटून राहतात त्या पार खाली कुठेतरी नव्या गाळावर उतरतात आणि तिथे झपाट्याने वाढतात.

अळी गोगलगायीत शिरली की आत तिच्या एकाच्या शेकडो होतात. एका अंड्यातून एक अळी आणि तिच्यातून शेकडो, हा गुणाकार गोगलगायीच्या आतच होतो. म्हणून जंगलातल्या शंभर गोगलगायी गोळा करून तपासल्या आणि एकीतही किडा मिळाला नाही असं सहज होतं, आणि तरी त्याच जंगलात हरणांच्या लिव्हरमध्ये किडे भरलेले असतात. फार थोड्या गोगलगायी पुरतात. मग शेपटीवाल्या छोट्या अळ्या बाहेर पडतात, पोहत जवळच्या गवतावर, पानावर चढतात, शेपटी टाकून देतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. ओल असेल तर महिनोनमहिने बसून राहू शकतात. हरीण येतं, ते कोवळं गवत खातं, आतड्यात कवच विरघळतं, आणि कोवळा किडा आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीतून लिव्हरकडे निघतो. तिथे तो फिरतो, जोडीदार शोधतो, जोडीदार मिळाला की हरणाचं शरीर त्या दोघांभोवती गाठ बांधतं. अंडी पुन्हा लेंडीत दिसायला लागेपर्यंत सहासात महिने जाऊ शकतात.

आता यात नदीचा हात कुठे कुठे आहे बघा. अंड्याला पाणी तिने दिलं. अळीला पोहायला डबकं तिने दिलं. गोगलगायीला गाळ दिला, गवताला ओल दिली. पूर आला की हरणं उंचवट्यावर दाटीवाटीने जमतात आणि तिथेच लेंड्या टाकतात, पाणी उतरलं की सगळी त्याच डबक्यांवर प्यायला, त्याच चिखलात लोळायला येतात, रेड डीअरचे नर माजाच्या दिवसांत चिखलात लोळतातच. लेंडी, गोगलगाय, गवत आणि हरणाचं तोंड, चारही गोष्टी दहा पावलांच्या आत. कोरड्या डोंगरातल्या जंगलात या चौघांची गाठ पडणं किती अवघड आहे, आणि इथे नदी दरवर्षी स्वतः ती घालून देते.

अशा किड्यांचा प्रवास गोगलगायीतून होतो हे माणसाला कळलं त्यालाही काही फार काळ झाला नाही. 1879 च्या ओल्या वर्षानंतर इंग्लंडमध्ये लाखो मेंढ्या लिव्हर फ्लूकने मेल्या, तेव्हा ऑक्सफर्डला थॉमस नावाच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने आणि जर्मनीत लायकार्टने वेगवेगळं काम करून 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला साध्या फ्लूकचं सगळं चक्र उलगडलं, आणि तेही याच छोट्या गोगलगायीपाशी येऊन पोचलं. त्याच्याआधी शेकडो वर्षं मेंढपाळांना एवढंच माहीत होतं की पाणथळ रानात चारलं की मेंढरं खंगतात. आणि ते बरोबरच होतं की.

पण हा मोठा किडा युरोपचा नाही. तो उत्तर अमेरिकेचा, तिथल्या वापिटी नावाच्या थोराड हरणांचा आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा. तिथल्या हरणांबरोबर त्याचं फार जुनं जमलेलं आहे, शरीर गाठ बांधतं, किडा गाठीत राहतो, हरीण जगतं. तो इकडे कसा आला तर राजाच्या शिकारीपायी. इटलीच्या तुरिन शहराजवळ ला मांद्रिया नावाचं राजघराण्याचं शिकारीचं रान होतं, तिथे 1865 च्या सुमारास राजा व्हित्तोरिओ इमान्युएले दुसरा याच्यासाठी अमेरिकेतून वापिटी आणले गेले. दहा वर्षांनी, 1875 मध्ये, बास्सी नावाच्या पशुवैद्यकाने त्याच रानातल्या हरणांच्या लिव्हरमध्ये हा किडा बघून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं. म्हणजे अमेरिकेच्या किड्याची शास्त्राला पहिली ओळख इटलीत झाली, अमेरिकेत नाही. हे वाचून मी थबकलेच. जनावर आणताना त्याची शिंगं बघितली, उंची बघितली, पोटात काय आहे याचा विचार करायला त्या काळात कोणाकडे साधनंही नव्हती.

ला मांद्रियाचा किडा मात्र तिथेच राहिला, आजही आहे, पण फारसा बाहेर पसरला नाही. डॅन्यूबवर जो आहे तो वेगळ्या वाटेने आला. किड्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला त्यात असं दिसलं की इटलीतल्या किड्यांचं नातं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या किड्यांशी लागतं, आणि चेक देशातले आणि डॅन्यूबचे किडे आग्नेय अमेरिकेतल्या किड्यांच्या जवळचे. म्हणजे ही चूक निदान दोनदा झाली, दोन वेगळ्या ठिकाणांहून हरणं आणून. बोहेमियातल्या, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागातल्या, सरदार-जमीनदारांनीही आपापल्या रानात अमेरिकन हरणं आणून सोडली होती, आणि डॅन्यूबवरचा किडा तिथूनच आला असावा असं हे जनुकांचं नातं सांगतं.

इथे नकाशा उघडून बघण्यासारखा आहे. बोहेमियाचं जवळजवळ सगळं पाणी व्हल्टावा आणि एल्बे नद्यांतून उत्तरेला जातं, थेट उत्तर समुद्राला. डॅन्यूब जाते पूर्वेला, काळ्या समुद्राला. एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात जात नाही. मग बोहेमियातून किडा डॅन्यूबच्या काठी पोचला तो पाण्यातून वाहत नक्कीच नाही. पाणलोटाची ती कड हरणाने पायाने ओलांडली असेल, नाहीतर माणसाने हरीण गाडीत घालून. मला दुसरं जास्त खरं वाटतं, कारण चांगल्या शिंगांची हरणं एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन सोडायची हौस इकडे पिढ्यानपिढ्या आहे. नदीने त्याला पसरवलं हे खरंच आहे, पण नदीच्या हातात त्याला कोणीतरी आणून दिलं.

आणि एकदा दिल्यावर मग काय. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत स्लोव्हाकियात गाब्चिकोव्होच्या बाजूच्या पुरजंगलातून आणि हंगेरीतून बातम्या यायला लागल्या. 2000 साली इकडे व्हिएन्ना विमानतळाच्या थोडं पुढे, फिशामेंडच्या जंगलात रेड डीअरमध्ये सापडला. साधारण त्याच वेळी पार खाली क्रोएशियात, बारान्या भागात सापडला, जिथे द्रावा नदी डॅन्यूबला मिळते आणि कोपाच्की रित नावाचं प्रचंड पाणथळ रान आहे. मग सर्बियात. या क्रमाकडे नीट बघितलं तर एक गंमत लक्षात येते, ऑस्ट्रिया तर स्लोव्हाकियाच्या वरच्या अंगाला आहे, प्रवाहाच्या उलट. अर्थात सापडला त्याच वर्षी आला असं होत नाही, आधीही असेल, कोणी लिव्हर कापून बघितलं नसेल. पण तरी हे स्पष्ट आहे की हा किडा नुसता पाण्याबरोबर खाली जात नाही. अंडी, गोगलगायी, कवच धरलेल्या अळ्या चिकटलेलं गवत, हे पाणी खाली नेतं, आणि हरीण स्वतःच्या पोटात घालून वर नेतं, बाजूला नेतं, पलीकडच्या काठावर नेतं. पाणी आणि पाय, दोन्ही.

आणि हरीण नदीलाच धरून का चालतं? कारण त्याला दुसरी वाट ठेवलेली नाही. विमानातून व्हिएन्नावरून खाली हंगेरीकडे बघितलं तर दोन्ही बाजूंना नुसती शेतं, गहू, मका, सूर्यफूल, पार क्षितिजापर्यंत नांगरलेलं, आणि मध्ये नदीला धरून एक हिरवी रेघ. सगळं जंगल नांगराखाली गेलं, पुराच्या पाण्यामुळे जी जमीन नांगरता आली नाही तेवढीच उरली. हंगेरीतलं गेमेन्स घ्या, रेड डीअरच्या शिंगांसाठी जगभरात नाव असलेलं रान, तेही पुराचंच जंगल. म्हणजे मैदानातली इतकी हरणं आज एका चिंचोळ्या ओल्या पट्टीत कोंबलेली आहेत, शिकारीसाठी त्यांची संख्या वाढवून ठेवलेली आहे, हिवाळ्यात एकाच जागी चारा टाकून त्यांना गोळा केलं जातं, आणि मग आपण म्हणतो नदीमुळे रोग पसरतो. मला हे म्हणणं अपुरं वाटतं, अगदी मनापासून अपुरं वाटतं.

यात सगळ्यात जास्त मरण कोणाचं होतं तर रो डीअरचं. हे छोटं हरीण, आपल्या भेकरासारखं एकटंदुकटं राहणारं, युरोपचं अगदी मूळचं. रेड डीअरचं शरीर किड्याभोवती पातळ गाठ बांधतं आणि बऱ्याचदा निभावून नेतं, जास्त किडे झाले तर वजन घटतं, शिंगं नीट वाढत नाहीत, काही मरतातही, पण कळप टिकतो. रो डीअरच्या शरीराला ही गाठ बांधता येत नाही. किडा जागेवर बसतच नाही, लिव्हरमधून फिरत राहतो, पोखरत राहतो, आणि थोडे किडेही त्याचा जीव घ्यायला पुरतात. मेंढीशेळीचंही तसंच. गाय, रानडुक्कर यांच्यात तिसराच प्रकार, त्यांचं शरीर जाड भिंतीची बंद गाठ करतं, अंडी बाहेर पडत नाहीत, किड्याचा वंश तिथे थांबतो. माणसाला हा किडा झाल्याची नोंद नाही. म्हणूनही असेल, याच्याबद्दल शिकारी आणि पशुवैद्य सोडले तर कोणी बोलत नाही. जंगलात मेलेलं रो डीअर कोल्हे आणि रानडुकरं एका रात्रीत संपवतात, कोण मोजणार आणि कोण लिव्हर कापून बघणार.

औषध आहे, ट्रिक्लाबेंडाझोल, मेंढ्यांना देतात तेच. फिशामेंडला किडा सापडल्यावर औषध मिसळलेला चारा टाकायला सुरुवात झाली, इतर देशांतही असे प्रयोग झाले. पण रानातल्या हरणाला औषध देणं म्हणजे काय हे विचार करून बघा. दांडगा नर जास्त खातो, लाजरी मादी लांब उभी राहते, पाडसाला मिळेल न मिळेल, किती कोणाच्या पोटात गेलं याचा हिशोब नाही. शिकारीच्या दिवसांच्या बरंच आधी ते बंद करावं लागतं कारण मांस लोक खातात. औषधाने किडे मरतात, प्रमाण खाली येतं, पण गवतावरच्या कवचांना आणि गोगलगायीतल्या अळ्यांना काही होत नाही, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या देशातून एक हरीण पोहत येतं. एका काठाने औषध घातलं आणि दुसऱ्याने नाही तर त्याचा फार उपयोग नाही. नदीवरच्या सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने करायला हवं, आणि डॅन्यूब तर दहा देशांतून जाते.

मग काहीजण साधा सरळ उपाय सुचवतात, पूरच थांबवा. डबकी बुजवा, काठ बांधा, जंगल कोरडं करा, गोगलगाय गेली की किडा गेला. याच्याबद्दल मला नीट बोलायचंय कारण हे ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो.

या नदीला बांधायचा प्रयत्न झालेला आहे. 1870 ते 1875 मध्ये व्हिएन्नापाशी तिला सरळ खोदलेल्या पात्रात घातलं, वळणं तोडली. मग विसाव्या शतकात धरणांमागून धरणं. 1984 च्या डिसेंबरमध्ये हाइनबुर्गला आणखी एक होणार होतं, झाडं तोडायची तयारी झालेली, तेव्हा हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत त्या जंगलात जाऊन राहिली, तंबू ठोकून, शेकोट्या पेटवून, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या पण उठली नाहीत, आणि शेवटी सरकारने काम थांबवलं. 1996 मध्ये तिथे नॅशनल पार्क झालं. मी ज्या वाटांवरून चालते त्या त्या माणसांमुळे आहेत. आता तर उलटं काम चालू आहे, हाइनबुर्गच्या समोरच्या काठावर जवळपास तीन किलोमीटर दगडांचं अस्तर उचकटून काढलं आणि नदीला तिचा काठ परत दिला, तोडलेले जुने फाटे पुन्हा जोडले. खंड्या आला, बीव्हर तर आधीपासून आहेच, मासे अंडी घालायला येतात.

आणि गोगलगायीचं म्हणाल तर तिला थांबवायला धरण पुरत नाही. ती ट्रॅक्टरच्या चाकोरीत साठलेल्या पाण्यात जगते, शेतातल्या चराच्या कडेला जगते, गुरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यात जगते. मोकळी नदी निदान जुनी डबकी धुऊन नेते, गाळ हलवत राहते. बांधलेल्या नदीच्या बाजूला जे साचलेलं, न हलणारं पाणी राहतं ते या छोट्या शंखाला नकोसं असेल असं मला तरी वाटत नाही. एका आणलेल्या किड्यासाठी इथलं मूळचं सगळं कोरडं करायचं, हा सौदा मला मान्य नाही.

हे सगळं मी फोनवर अण्णांना सांगत होते, म्हणजे माझे थोरले काका. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठी, अण्णांची म्हसरं आहेत आणि नदीला लागून मळीची जमीन. 2019 च्या महापुरात सगळं पाण्याखाली होतं. मी हरणांचं सांगत होते आणि ते मधेच म्हणाले, "अगं, त्यात नवीन काय? दिवाळीच्या टायमाला मळीत गवत बघ कसं हिरवंगार असतंय, पर तवाच जनावर सोडायचं न्हाई. आमच्या आज्यापास्नं तसंच हाय. सोडलं की उन्हाळ्यापतुर जबड्याखाली पाणी धरतंय आणि जनावर वाळत जातंय."

मी मनात महिने मोजले. श्रावणात पूर, पाणी ओसरून डबकी, अंड्याला काही आठवडे, गोगलगायीत आणखी काही आठवडे, की दिवाळीच्या सुमाराला अळ्या गवतावर. आपल्याकडचा फ्लूक वेगळा, फॅसिओला जायगँटिका, गोगलगायही वेगळी, पण वेळापत्रक नदीचंच. अण्णांच्या आज्याला गोगलगायीचं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी जनावर बघितलं, गवत बघितलं, आणि नदीला शिव्या न देता आपलं चरायचं वेळापत्रक बदललं. मळी सोडली नाही, ती सगळ्यात कसदार जमीन आहे, तिला कसदार तो पूरच करतो. अण्णांनी मग विचारलं, "पर तुमच्या तिकडं हरणांना कोण बांधून ठेवणार?" आणि मी म्हटलं, "तेच तर अण्णा."

हरणाला बांधून ठेवता येत नाही, पण माणूस हरणाला ट्रकमध्ये घालतो तेव्हा मात्र ते बांधलेलंच असतं. माझ्या मते सगळं करण्यासारखं काम त्या ट्रकपाशी आहे. आणि हे नुसतं युरोपपुरतं नाही. आपल्याकडेही आता हरणं हलवली जातात, चांगल्या कारणासाठी, कान्हातले बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले, पेंचमधून चितळ नेले, वाघांना खायला मिळावं, एकाच जागी राहिलेली जात दुसरीकडेही रुजावी म्हणून. मी याच्या बाजूने आहे. बारशिंगा एकाच रानात उरला असता आणि तिथे साथ आली असती तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. पण जनावराबरोबर त्याचे किडे जातात आणि नवीन रानात त्यांची गोगलगाय वाट बघत असू शकते, चितळाला काही न करणारा किडा तिथल्या चौशिंग्याला झेपेलच असं नाही.

तपासणी अवघड नाही. फ्लूकची अंडी जड असतात, पाण्यात तळाला बसतात. ताजी लेंडी पाण्यात कालवायची, बारीक चाळणीतून गाळायची, उभ्या ग्लासात ठेवायची, काही मिनिटांनी वरचं पाणी हळूच ओतून द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, असं तळ स्वच्छ दिसेपर्यंत, आणि राहिलेला थेंब मायक्रोस्कोपखाली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकतं. अडचण फक्त एक, कोवळा किडा पोटात शिरल्यापासून कितीतरी महिने अंडं घालत नाही, त्यामुळे आज लेंडी स्वच्छ निघाली म्हणजे हरीण स्वच्छ आहे असं होत नाही. परत तपासावी लागते, आणि महिनोनमहिने गेल्यावरही परत, आणि तोवर ते कळप कोरड्या, डबकं नसलेल्या कुंपणात ठेवावे लागतात. कोरडं अशासाठी की तिथे पडलेली लेंडी वाळते आणि आतलं अंडंही. ज्या जंगलातून हरणं उचलायची तिथल्या मेलेल्या जनावरांची लिव्हरं आधीची दोनतीन वर्षं कापून बघितलेली असतील तर आणखी बरं, कारण लेंडीत जे दिसत नाही ते लिव्हरमध्ये दिसतं.